ह्युमिडिफायर घेताना आधी पाण्याकडे बघा

ह्युमिडिफायर म्हणजे हवेत ओलावा वाढवणारं यंत्र. त्याच्या खोक्यावर टाकी किती लिटरची, धुकं किती उंच जातं आणि दिवे किती रंगांचे हे ठळक छापलेलं असतं. निवड ज्यावर ठरायला हवी ती गोष्ट तिथे सापडत नाही: टाकीत जे पाणी घालणार, त्यातला क्षार शेवटी जाणार कुठे? पाण्याची वाफ होते, क्षाराची होत नाही. तो कुठेतरी उरतोच. पाण्याचं धुकं करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात तो हवेत उडतो आणि घरभर बसतो. वातीच्या यंत्रात तो वातीत साचतो. पाणी उकळणाऱ्या यंत्रात हीटरवर चढतो. तिन्ही प्रकारांचे फायदे-तोटे, खर्च आणि साफसफाईचा व्याप बहुतेक इथूनच सुरू होतो. म्हणून हे परीक्षण एखाद्या मॉडेलचं न करता प्रकारांचं केलं आहे. प्रकार चुकला तर महागातलं मॉडेलही महिन्याभरात माळ्यावर जातं.

आधी मोजा, मग घ्या

घरात हवा कोरडी आहे असं वाटणं आणि ती खरोखर कोरडी असणं यात फरक असतो. घसा कोरडा पडणं, ओठ फुटणं, नाकात खपल्या धरणं, दाराच्या मुठीला हात लावताच झटका बसणं ही लक्षणं कोरड्या हवेची असू शकतात, पण घसा धुळीनेही कोरडा पडतो आणि तोंड उघडं ठेवून झोपल्यानेही. छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता टक्क्यांत दाखवणारा मीटर, आणून झोपायच्या खोलीत आठवडाभर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून काढा. आकडा वरचेवर ३५ टक्क्यांच्या खाली जात असेल तर यंत्राचा उपयोग होईल. ४० ते ५० च्या दरम्यान असेल तर यंत्र नको. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना ५० च्या वरची हवा मानवते आणि सतत ६० च्या वर राहिली तर भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे बुरशी धरते. दमा किंवा धुळीची ॲलर्जी असलेल्या घरात तर हा वरचा आकडा खालच्यापेक्षा जास्त जपायला हवा, आणि यंत्र आणण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं.

स्वस्त हायग्रोमीटर पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतो. तो तपासायची सोपी युक्ती आहे. बाटलीच्या टोपणात मीठ भरा, त्यावर थेंब थेंब पाणी टाकून ते ओल्या वाळूसारखं करा, पण विरघळू देऊ नका. टोपण आणि मीटर हवाबंद पिशवीत ठेवून आठ ते बारा तास थांबा. आत ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर तुमचा मीटर पाचने कमी दाखवतो, तेवढे मिळवून वाचा.

थंडीत हवा कोरडी का पडते, याचं गणित एकदा समजलं की यंत्र केवढं लागेल हेही कळतं. ० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ४.८ ग्रॅम वाफ मावते, २० अंशाला १७.३ ग्रॅम. बाहेरची ८० टक्के दमट पण गोठलेली हवा घरात येऊन २० अंशापर्यंत तापली, की तीच वाफ जेमतेम २२ टक्के भरते. वाफ तेवढीच राहिली, भांडं मोठं झालं. एसी वेगळ्या वाटेने तिथेच नेतो: त्याच्या थंड कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन नळीतून बाहेर जाते.

आता खोली धरा ४ मीटर बाय ४ मीटर, उंची ३ मीटर. हवा ४८ घनमीटर. २० अंशाला २५ टक्क्यांवरून ४५ वर न्यायचं तर घनमीटरमागे साधारण साडेतीन ग्रॅम, म्हणजे सगळी मिळून १६५ ग्रॅम वाफ लागते. एका पेल्याएवढं पाणी. पण खोलीतली हवा फटींतून सतत बदलत असते. तासात अर्धी बदलली तर तासाला ८० मिली, पूर्ण बदलली तर १६५ मिली पाणी घालत राहावं लागतं. पहिले एक-दोन दिवस गाद्या, पडदे, पुस्तकं, भिंतीही पाणी पितात, तेव्हा आकडा वर सरकत नाही असं वाटतं. यंत्र बिघडलंय असं तेव्हा समजू नका. एका झोपायच्या खोलीला तासाला २०० ते ३०० मिली देणारं यंत्र पुरतं. आठ तासांना दोन लिटर लागतात, म्हणून तीन लिटरची टाकी भरपूर झाली. सहा लिटरची टाकी सोयीची वाटते, पण त्यात तीन दिवसांचं शिळं पाणी राहतं, आणि शिळं पाणी हीच या यंत्रांची सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे.

सुगंधासाठी मिळणारे छोटे डिफ्यूझर या कामाचे नाहीत. त्यांची टाकी १०० ते ३०० मिलीची, ती रात्रभर पुरवायची असते. खोलीच्या आर्द्रतेवर त्याचा परिणाम मीटरवर दिसतही नाही.

अल्ट्रासॉनिक: सगळ्यात शांत, पण पाण्याच्या बाबतीत सगळ्यात हट्टी

बाजारात सर्वाधिक दिसणारा हाच प्रकार. तळाशी रुपयाएवढी सिरॅमिकची तबकडी असते. ती सेकंदाला साधारण १७ लाख वेळा थरथरते आणि तिच्या वरच्या पाण्याच्या पृष्ठभागावरून १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब सुटतात. छोटा पंखा ते वर ढकलतो. दिसतं ते धुकं वाफ नसून पाण्याचे थेंबच आहेत, हा या यंत्राचा मर्म. थेंबात जे होतं ते सगळं हवेत जातं: क्षार, गंज, टाकीत वाढलेले जंतूसुद्धा. थेंब सुकतो, क्षाराचा कण तरंगत राहतो.

किती क्षार? पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षाराचं माप, ४०० असेल तर लिटरमागे ४०० मिलिग्रॅम. रात्री दोन लिटर म्हणजे ८०० मिलिग्रॅम, महिन्याला २४ ग्रॅम. चहाचे चार चमचे मीठ बारीक वस्त्रगाळ करून झोपायच्या खोलीत उडवल्यासारखं. टीव्हीच्या काळ्या पडद्यावर, आरशावर, पंख्याच्या पात्यांवर जी पांढरी भुकटी बसते ती हीच. त्याच खोलीत एअर प्युरिफायर असेल तर त्याचा पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा, आकडा चढतो आणि तो जोरात धावू लागतो. सेन्सरला दोष देऊ नका, तो हवेतले कणच मोजतोय, आणि ते कण श्वासातही जातात.

उपाय एकच, पाणी बदलणं. डिस्टिल्ड, म्हणजे वाफ करून पुन्हा गार केलेलं बिनक्षाराचं पाणी उत्तम. आरओचं पाणी टीडीएस ५० च्या खाली असेल तर चालतं: ४० टीडीएसला रात्रीचे ८०० मिलिग्रॅम ८० वर येतात. पाणी उकळून गार केल्याने जंतू मरतात, क्षाराचा मोठा भाग तसाच राहतो, त्यामुळे भुकटी बंद होत नाही. टाकीत बसवायची, क्षार धरून ठेवणारी रेझिनची कार्ट्रिज काम करते, पण जड, म्हणजे जास्त क्षाराच्या पाण्यात ती लवकर थकते आणि थकल्याची खूण म्हणजे पुन्हा दिसणारी पांढरी भुकटी. म्हणजे नवीन कार्ट्रिजचा खर्च कायम मागे लागणार.

याच्या बाजूचे मुद्दे मात्र भक्कम आहेत. आवाज जवळजवळ नाही. वीज साधारण ३० वॉट. चटका बसायची भीती नाही. तान्ह्या बाळाच्या खोलीत थंड धुक्याचंच यंत्र ठेवा, असा सल्ला अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स देते तो गरम पाण्याने भाजण्याच्या धोक्यामुळे. बाळाच्या खोलीत अल्ट्रासॉनिक ठेवायचं तर डिस्टिल्ड पाणी आणि रोज धुतलेली टाकी, या दोन्हींत तडजोड करू नका.

दुसरी खोड अशी की हे यंत्र स्वतःहून थांबत नाही. हवा ७० टक्के झाली तरी धुकं ओतत राहतं, आणि हवेत न मावलेलं पाणी मेजावर, फरशीवर ओल होऊन उतरतं. म्हणून हवी ती आर्द्रता ठरवून देता येणारं, म्हणजे ह्युमिडिस्टॅट असलेलंच मॉडेल घ्या. त्यावरही आंधळा विश्वास नको. सेन्सर यंत्राच्या अंगातच असतो, स्वतःच्या धुक्यात बसलेला, त्यामुळे तो खोलीपेक्षा जास्त आकडा वाचतो. खोलीच्या पलीकडच्या टोकाला ठेवलेला मीटर बघून त्याचा आकडा वर-खाली करून घ्यावा लागतो.

वातीचं यंत्र: आमची पहिली पसंती

यात कागदाची किंवा कापडाची जाळीदार वात पाण्यात उभी असते आणि पंखा तिच्यातून हवा ओढतो. ओला टॉवेल दोरीवर वाळतो तेच तत्त्व. धुकं अजिबात दिसत नाही, म्हणून घेणाऱ्याला पहिल्या दिवशी यंत्र बंद आहे की काय असं वाटतं. टाकीतलं पाणी उतरतंय ना, तेवढं बघा.

हवेत जाते ती फक्त वाफ. क्षार वातीत राहतो, त्यामुळे नळाचं पाणी चालतं, पांढरी भुकटी होत नाही. आणि खोली जसजशी दमट होते तसतसं बाष्पीभवन आपोआप मंदावतं, कारण दमट हवेत टॉवेल वाळत नाही. जास्त ओल करून बसण्याची शक्यता इथे सगळ्यात कमी.

त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, पंख्याचा आवाज. कमी वेगावर तो बहुतेकांना झोपेत चालतो, पूर्ण वेगावर नाही. दोन, वात. जड पाण्यात तिच्या वरच्या कडेला आधी पिवळट, मग खडूसारखा कडक थर चढतो. तेवढा भाग पाणी ओढायचं बंद करतो आणि हवा कोरड्या भागातून सुटते. पंखा तसाच फिरतो, वीज तशीच जाते, टाकीतलं पाणी मात्र पूर्वीच्या निम्म्यानेच उतरतं. वात उलटी करून बसवली तर थर सारखा वाटला जातो आणि ती जास्त टिकते. साध्या पाण्यात हलक्या हाताने विसळा, पिळू नका, पिळली की घड्या चिकटतात. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात अर्धा तास भिजवली तर थोडा क्षार सुटतो, पण पूर्वीसारखी होत नाही. कडक झाली, काळपट डाग पडले किंवा कुबट वास आला की टाकून द्या.

म्हणून खरेदीआधी एकच प्रश्न विचारा: याची वात सुटी मिळते का, आणि पुढच्या वर्षीही मिळेल का? वात मिळत नसेल तर यंत्र कितीही चांगलं असो, ते एका हंगामाचं आहे. वातीऐवजी प्लॅस्टिकच्या फिरत्या चकत्या असलेले प्रकारही मिळतात. त्यात बदलायचं काही नसतं, पण चकत्यांची चळत उघडून घासायला वेळ जातो.

एक सवय मोडायला हवी. दिवसा यंत्र बंद करून अर्धओली वात तशीच ठेवली की दोन-तीन दिवसांत वास धरते. बंद करायचं असेल तर टाकी काढून पंखा तासभर चालू ठेवा, वात वाळू द्या.

वाफेचं यंत्र: स्वच्छ, पण विजेला आणि मुलांना जपून

पाणी उकळतं, शुद्ध वाफ बाहेर पडते. जंतू मरतात, क्षार भांड्यात राहतो. किटलीच्या तळाशी जसा थर बसतो तसाच इथे हीटरवर बसतो. आठवड्याला पाणी ओतून सायट्रिक ॲसिडने उकळलं की निघतो, वात-बित काही विकत आणावी लागत नाही. साफसफाईच्या दृष्टीने हा सर्वात सरळ प्रकार.

वीज मात्र लागते. २० अंशाचं एक लिटर पाणी उकळून त्याची वाफ करायला साधारण ०.७२ युनिट जातं, आणि यात कुठलंही मॉडेल काटकसर करू शकत नाही, कारण तेवढी उष्णता पाणीच घेतं. रात्रीच्या दोन लिटरला जवळपास दीड युनिट. अल्ट्रासॉनिक तेवढ्याच वेळात पाव युनिट घेतं. तरी इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: थंड धुक्याचं किंवा वातीचं यंत्र ती उष्णता वाचवत नाही, खोलीतल्या हवेकडून घेतं. लिटरमागे साधारण ०.६८ युनिटएवढी. म्हणूनच वातीच्या यंत्राजवळ गार वाटतं. खोली हीटरने तापवत असाल तर ही उष्णता हीटरला भरून द्यावी लागते आणि वाफेच्या यंत्राचं बिल वाटतं तेवढं जादा ठरत नाही. एसीच्या खोलीत उलटं: तिथे वाफेचं यंत्र एसीवरचा भार वाढवतं. एसीच्या खोलीत वात किंवा अल्ट्रासॉनिक वापरा, आणि ४० ते ४५ टक्क्यांवर थांबवा. त्याहून वर नेलेलं पाणी एसी कॉइलवर काढून नळीतून बाहेर टाकत राहतो, आणि दोन यंत्रं एकमेकांशी भांडत वीज खातात.

रांगती, चालती मुलं असतील त्या घरात हा प्रकार नको. वाफेपेक्षा मोठा धोका वायर ओढून उकळतं पाणी अंगावर सांडण्याचा. स्वस्तातल्या काही वाफाऱ्यांत हीटर नसून दोन इलेक्ट्रोड असतात आणि वीज पाण्यातूनच वाहते. त्यात डिस्टिल्ड पाणी घातलं तर वाफच होत नाही, कारण ते वीज वाहू देत नाही. अशा यंत्रात पाणी घालताना किंवा झाकण उघडताना प्लग काढलेलाच हवा.

फिरत्या चकतीने पाणी फेकून थेंब करणारा इंपेलर प्रकारही असतो. त्यात अल्ट्रासॉनिकचे सगळे तोटे आहेत, वर आवाज. घेऊ नका. डक्टला, म्हणजे घरभर हवा नेणाऱ्या नळकांड्याला, जोडायचं अख्ख्या घराचं यंत्र फक्त घरात डक्ट असेल तरच, आणि ते जाणकार माणसाकडूनच बसवून घ्यायचं.

टाकी हातात घेऊन बघा

टाकीच्या तोंडातून तुमचा पंजा आत जातो का? जात नसेल तर ती टाकी कधीच नीट घासली जाणार नाही. वरून पाणी ओतायची टाकी यात चांगली. काढून, उलटी करून भरायच्या टाकीला स्प्रिंगचं झाकण असतं, आणि तिचं काम कोंबड्यांच्या पाणपात्रासारखं चालतं: टाकी वरून हवाबंद, म्हणून पाणी अडून राहतं, तळातलं पाणी खाली गेलं की हवेचा बुडबुडा आत शिरतो आणि तेवढंच पाणी उतरतं. मधूनमधून येणारा ‘गुडूक’ आवाज तोच. आता टाकी कधी आपटून वरच्या बाजूला केसाएवढी चीर गेली, तर हवा तिथून आत शिरते, पाणी अडायचं थांबतं आणि सगळी टाकी रात्रीतून मेजावर रिकामी होते. गळती तळातून दिसते, दोष वरच्या चिरेत असतो. संशय आला तर टाकी भरून, उलटी धरून, कोरड्या कागदावर दहा मिनिटं ठेवा. थेंब गळत राहिले तर आधी झाकणाचं रबर बघा, मग चीर शोधा.

पंखा चालू पण धुकं नाही, अशी अल्ट्रासॉनिकची नेहमीची तक्रार असते. तबकडीवर क्षाराचा पापुद्रा चढलेला असतो. व्हिनेगरचे दोन चमचे तबकडीवर ओतून २० मिनिटं थांबा, मग कानातली कापसाची काडी किंवा मऊ ब्रश फिरवा. सुरी, स्क्रू-ड्रायव्हर, तारेची घासणी लावू नका, ओरखडा पडला की तबकडी गेली. तबकडी स्वच्छ असूनही ‘पाणी संपलं’चा लाल दिवा जात नसेल तर शेजारचा तरंगता बोंडा बघा. त्यात चुंबक असतो, तो पाण्याबरोबर वर गेला तरच यंत्राला पाणी आहे असं कळतं. खाली क्षार धरून तो चिकटतो. बोटाने सोडवला की यंत्र चालू होतं. टाकीत गरम पाणी घालू नका. सुगंधी तेलही नको, वेगळा कप्पा दिलेला नसेल तर. तेलाने प्लॅस्टिकला बारीक तडे जातात आणि वात तेलकट झाली की पाणी ओढत नाही.

साफसफाई

रोज उरलेलं पाणी ओतून टाका, टाकी विसळा, ताजं पाणी भरा. उरलेल्या पाण्यावर नवीन पाणी घालू नका. दर तिसऱ्या दिवशी पाणी लागणारा प्रत्येक भाग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसून, ब्रशने घासून, दोन-तीनदा धुवा. टाकीच्या आतून बोट फिरवलं आणि बुळबुळीत लागलं तर जंतूंचा थर धरलाय. नुसतं विसळून तो जात नाही, घासावाच लागतो. आठवड्याला एकदा पाणी आणि व्हिनेगर सम प्रमाणात, अर्धा तास. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. दूषित धुकं रोज श्वासात गेल्याने ताप, खोकला, फुप्फुसांचा दाह होऊ शकतो.

चालू यंत्राच्या पाण्यात जंतुनाशक घालू नका, कुठल्याही कंपनीचं, कितीही ‘सुरक्षित’ लिहिलेलं असो. दक्षिण कोरियात १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं विकली जात होती. २०११ मध्ये फुप्फुसं निकामी झालेल्या रुग्णांचा संबंध त्यांच्याशी लागला आणि ती बाजारातून काढून घ्यावी लागली. तोवर गर्भवती आणि लहान मुलांसह अनेकांचे जीव गेले होते. गिळल्यावर किंवा हाताला लागल्यावर फारसं न करणारं रसायन धुक्यातून थेट फुप्फुसाच्या तळाशी गेलं की काय करतं, ते तिथे दिसलं. जंतुनाशकाने फक्त बंद यंत्र पुसायचं, आणि मग पाण्याने धुवायचं. यंत्रात यूव्ही दिवा असेल तर असू दे, पण तो त्याच्यासमोरून जाणाऱ्या पाण्यावरच काम करतो, टाकीच्या कोपऱ्यातल्या थरावर नाही.

ठेवायचं कुठे

फरशीपासून ६० ते ९० सेंटीमीटर उंच, सपाट जागी, भिंतीपासून आणि पलंगापासून निदान एक मीटर दूर. लाकडी मेज असेल तर खाली ताटली हवी. धुक्याचं तोंड पडदे, पुस्तकं, स्विचबोर्ड किंवा संगणकाकडे नको. खिडकीची काच रोज बघा. २० अंशाच्या खोलीत ४५ टक्के आर्द्रतेला दव ८ अंशाच्या आसपासच्या पृष्ठभागावर धरतं, ६० टक्क्यांना १२ अंशावर. बाहेर कडक थंडी असेल तर काचेचा आतला भाग तेवढा गार होतो आणि चौकटीच्या खाली पाणी साचून बुरशी सुरू होते. काचेवर थेंब दिसले की मीटर काहीही सांगो, यंत्र पाच टक्क्यांनी खाली आणा.

हंगाम संपला की यंत्र तसंच खोक्यात टाकू नका. व्हिनेगरने क्षार काढा, पेरॉक्साइडने पुसा, जुनी वात फेकून द्या, सगळे भाग सुटे करून दोन दिवस हवेत वाळू द्या. टाकीचं झाकण न लावता ठेवा. पुढच्या वर्षी बाहेर काढल्यावर पाणी भरण्याआधी एकदा टाकी घासून घ्या आणि रबराचा वायसर बोटाने दाबून बघा: कडक झाला असेल तर तो आधी बदला.